तांबेरा सांभाळणारी

नोकरी विचारली की सांगते, गव्हात आहे.
रोग पाळते म्हटलं
तर बाया पदर आवरून सरकतात.

चौदा वर्षं झाली. महाबळेश्वरला उतारावर
एक काचघर, तांबड्या मातीचे थोडे वाफे.
स्ट्रॉबेरी खायला आलेले लोक कुंपणावरून वाकतात,
"मावशी, हे लालसर गवत कसलं?"
गहू आहे, मी म्हणते. आजारी आहे.
ते हसतात, फोटो काढतात.

लाल तरी कुठं?
हळदीकुंकवाची ताटं पुसल्यावर बोटावर उरतो, तो रंग.
पानावर फोड येतो, फुटतो,
आणि भुकटी उडते, हवेहून हलकी.
चिमूटभरात अख्ख्या खोऱ्याचा गहू जाईल,
कोरबू सर सांगतात.

म्हणून निघताना आंघोळ, केस धुणं, दुसरी साडी.
खाली वाईला भावजयीचा दीड एकर आहे.
वारा तिकडंच उतरतो, त्याला कोण अडवणार.
माझ्या पदरातून तरी नको.

वाफ्याच्या कडेनं एक ओळ मुद्दाम लावतो आम्ही,
जिला सगळं लागतं.
कागदावर तिचं नाव संवेदनशील.
पहिल्यांदा वाचलं तेव्हा सरांना विचारलं,
हे चांगल्या माणसाला म्हणतात ना हो?
ते चष्मा पुसत राहिले.
आधी ती पेटते.
मग शेजारच्या ओळींना कळतं आपण कोण.

न लागणारं पान कोरं असेल, वाटायचं मला.
भिंग धरलं, तर तिथंही फिकट ठिपके, सुईच्या टोकाएवढे.
रोग आत शिरला होता.
पानानं त्याच्या भोवतीच्या आपल्याच पेशी मारल्या
आणि उपाशी ठेवलं त्याला.
बाकी सगळं हिरवं.
अशा पानापुढं वहीत अर्धविराम काढतात.
खरंच. नुसता अर्धविराम.

नांद्र्याच्या पद्मावती चौगुले एकदा डबा घेऊन आल्या.
हुग्गीपुरता वाफा राखलेला, त्यातली खपली.
"आमच्या हिला कधी तांबेरा नाही बघा."
खपली. जखमेवर धरते तिचंही नाव तेच.
सर म्हणाले, हिची गुणसूत्रं अठ्ठावीस, आपल्या गव्हाची बेचाळीस.
काकू म्हणाल्या, आमच्यात गुण छत्तीस असतात,
तरी अठरावर लग्नं लागतात.

लागलं तेही. पहिल्या वर्षी नऊ दाणे,
चिरमुटलेले, उंदरानं टाकून दिल्यासारखे.
सात रुजलेच नाहीत.

धुकं असतानाच बसायचं.
एकेका फुलातले तीन पुंकेसर चिमट्यानं काढायचे,
हिरवे आहेत तोवर. पिवळे दिसले की ओंबी वाया.
वर कागदी पिशवी, टाचणी,
तिसऱ्या-चौथ्या दिवशी दुसऱ्या ओंबीचे पराग.
पिशवीवर आधी आईचं नाव,
मग गुणिले, मग बापाचं.
माझ्या स्वतःच्या एकाही कागदावर असं नाही.

त्या दोन दाण्यांतून, नवव्या वर्षी, ओळ २१४.
पोळी मऊ, काड उभं, पानभर अर्धविराम.
काकूंना फोन केला तर सून बोलली.
काकू दिवाळीतच गेल्या होत्या.

यंदा जानेवारीत २१४ वर एक फोड उघडा दिसला.
सर ओणवे होऊन बराच वेळ बघत होते.
त्याचंही बियाणं सुधारत असतं, म्हणाले,
आणि गुडघ्याची माती न झटकताच आत गेले.

फोड खरवडून कुपीत घेतला, चिठ्ठी लावली,
बाकी सत्तावीस कुप्यांशेजारी थंडीत ठेवला.
डब्याच्या तळाशी खपली मूठभर होती. तीही पेरलेली.

आज ओंब्या बाहेर आल्यात.
पिशवीवर लिहिलं २१४, गुणिले काढलं.
पुढं अजून काही लिहिलं नाही.
पराग ओले आहेत, ऊन यायचंय.