अर्धं बोट

नाना पेठेत, पत्र्याच्या शेडमध्ये
फियाटचं नुसतं खोकं अधांतरी.
चाकं, काचा, इंजिन केव्हाच उतरलेलं.
दारांच्या रिकाम्या चौकटींत
दस्तगीर मिस्त्रींनी आडवे पाइप वेल्ड केले:
"दारं काढली की गाडीची पण कंबर मोडते."

पहिल्यांदा पिन काढली
आणि टप गपकन खाली आला.
मी दोन पावलं मागे होतो, म्हणून बरं.
"खाली कोणी नाही ना?"
हे ते दर वेळी विचारतात,
शेडमध्ये आम्ही दोघंच असलो तरी.

पुन्हा जॅक. पुन्हा बोल्ट.
बॉडी एक भोक खाली घेतली.
"अजून अर्धं बोट."
चहा आला, निवला, साय धरून बसला.

दिवेलागणीला त्यांनी तिला करंगळीनं ढकललं.
तिरकी झाली, तिरकीच थांबली.
सोडावी तिथं राहिली.

पोटाखालचा पत्रा प्रथमच उजेडात:
गंज, खडीचे ओरखडे, दिवेघाटचा वाळका चिखल,
आणि डांबरी लेपात रुतलेला
कारखान्यातल्या कुणाचा तरी अंगठा.

मिस्त्रींनी आधी पिन घातली, ओढून पाहिली,
मग चष्मा पुसत वाकले.
"एवढी जागा," म्हणाले,
"आज घासू नको."