एकशे वीसच्या आसपास

फोन्नीत पहाटे तीनला भट्टी पेटते.
ओकचं लाकूड, धूर, बोनारिया मावशीचा खोकला
आणि माझ्या दंडावरचा सेन्सर म्हणतो : दोनशे अकरा.
काल याच वेळी, हेच खाऊन,
एवढंच इन्सुलिन टोचून
मी सत्तरवर होते.

माएस्त्राले वारा सुटला होता म्हणा,
पाळी जवळ आली म्हणा,
मेंढ्यांच्या कुरणावरून चुलत्याशी वाजलं म्हणा.
तीस वर्षांत इतकी कारणं जमली
की आता एकही कामाला येत नाही.

अकराव्या वर्षी नुओरोच्या दवाखान्यातून
मला निळ्या पुठ्ठ्याची वही मिळाली.
वरच्या कोपऱ्यात डॉक्टरीणबाईंचं तिरपं अक्षर :
एकशे वीसच्या आसपास.
मी हुशार मुलगी. पाढे पाठ, प्रार्थना पाठ.
एकशे अठरा लिहिलं. एकशे बावीस. एकशे पंधरा.
खरे आकडे मशीनमध्येच मरू दिले.
तपासणीच्या आदल्या रात्री बसायचं
आणि एका पेनाने तीन महिने जगून टाकायचे.

बाईंनी वही चाळली, मिटली,
पुन्हा उघडून उजेडात धरली.
"आउस्तीना, रोज चारदा बोट टोचतेस,
आणि नव्वद पानांत रक्ताचा एक डाग नाही?"

त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

बाबांचा हिशेब निराळा.
आमच्याकडे मधमाश्या उशिरा, थंडीच्या तोंडावर
एका झुडपाच्या फुलांवर बसतात
आणि मध कडू होतो.
कडू म्हणजे औषध, एवढंच त्यांना ठाऊक.
आई झोपली की चमचाभर आणून द्यायचे.
सकाळी तीनशे.
मग दिवसभर त्या पोळ्यांकडे असे बघायचे
जणू सख्ख्या भावाने दगा दिलाय.
आता ते नाहीत. तो मध
मी भट्टीशेजारच्या फळीवर ठेवते,
हात थरथरले, घामाने पीठ चिकटलं,
आकडा बावन्नवर आला की जिभेवर घेते.
कडूच लागतो. तरी वर आणतो.

परवा गावोईहून एक बाई आली,
सोबत आठ वर्षांची पिएरीना, पोटावर ताजी टोचणी.
"एका कारासाऊचं वजन किती?" बाईने विचारलं.
हातात पेन तयार.
मी एक पातळ पापुद्रा काट्यावर ठेवला. दुसरा ठेवला.
तिसरा. काटा तीनदा तीन ठिकाणी थांबला.
बाईचा चेहरा पडला. ओळखीचा वाटला मला तो,
आरशात नव्हे, कुठल्याशा बसच्या काचेत पाहिलेला.
तोळामासा सगळं, काय सांगणार?
भट्टीत पोळी टम्म फुगते ती काही मोजून फुगत नाही.

पोरगी मात्र काट्याकडे बघत नव्हती.
"बरोबर येतो का कधी? आकडा?"
येतो, म्हटलं. एखाद्या मंगळवारी, उगाचच.
तेव्हा तू झोपलेली असतेस.

ती हसली की नाही, धुरात दिसलं नाही.
जाताना मी तिच्या आईला कारासाऊ दिली, पैसे घेतले,
आणि वहीबद्दल काहीतरी सांगायचं होतं, ते राहिलंच.

आता दुसरी भाजणी चालू आहे.
दंडावरचं यंत्र वाजतंय.
थांब रे बाबा.
आधी ही उलटते, करपेल,
मग बघते.