त्र्याऐंशी नंबर

ऑगस्टात सगळेच जिंकलेले असतात.
जर्सी कोऱ्या, पाठीवरची नावं ताजी,
एरी सरोवरावरून येणारा वारासुद्धा
आमच्याच बाजूचा.

मी तळघरात असते, स्टेडियमच्या पोटात.
सहा धुलाईची मशिनं, एक शिलाईचं, एक रेडिओ,
आणि डोक्यावर साठ हजार माणसांचे पाय.
काय झालं ते मला पायांवरून कळतं,
रेडिओ मागाहून सांगतो.

पहिला सामना तीन गुणांनी गेला.
दुसरा गेला. तिसरा
जिंकता जिंकता गेला, म्हणजे जास्त गेला.
चौथ्यात क्वार्टरबॅकचा खांदा निखळला;
त्याची जर्सी कात्रीनं कापून काढलेली आली,
मी ती तशीच घडी घालून ठेवली,
का ते माहीत नाही.

रक्ताला थंड पाणी. हे आईचं;
ती काचेच्या कारखान्यातले डगले धुवायची.
गवताला व्हिनेगर.
परगावच्या नकली मैदानांवरचे रबराचे काळे दाणे
कशानंच जात नाहीत, झटकून गोळा करावे लागतात.
माझ्याकडे बरणीभर आहेत.

छातीवर आमच्या ऐरण.
पलीकडे हेल्मेटं घासणारा ऑर्विल म्हणतो,
"ठेवायचंच होतं नाव, तर हातोडा ठेवायचं."
सतरा वर्षं म्हणतोय.
सतरा वर्षं हसतेय मी.

सप्टेंबरात त्र्याऐंशीवर ग्विनेट होता.
त्याला काढलं मंगळवारी. काढतात ते मंगळवारीच.
मी एकेक अक्षर उसवलं,
दुपारी त्याच जागी फोनुआ शिवला.
चार आठवडे. मग गुडघा.
थँक्सगिव्हिंगच्या आदल्या दिवशी आला स्टेनरुड,
डाकोटातला पोरगा. आईला फोटो पाठवायचाय म्हणून
शिवून होईस्तोवर उभा राहिला,
टोपी हातात, सुईकडे बघत.
मी सांगितलं नाही त्याला
की कापड उजेडात धरलं
तर जुन्या अक्षरांची भोकं दिसतात.

डिसेंबरात लोक डोक्यात कागदी पिशव्या घालून आले,
डोळ्यांपुरत्या फाडलेल्या.
कोच गेला. त्याच्या जॅकेटवर नाव नव्हतंच,
नुसतं 'कोच'. पुढच्याला चालेल.

शेवटचा रविवार. दोन विजय, चौदा पराभव,
आणि आज हरलो तर बरंच,
वसंतात चांगला पोरगा आधी निवडता येईल,
असं रेडिओवरचे शहाणे.
चौथ्या क्वार्टरात छत असं हाललं
की फळीवरचा साबणाचा डबा खाली आला.
रेडिओ अजून जाहिरातीत.
"कोण?" ऑर्विल म्हणाला.
तेवढं पायांवरून कळत नाही.

रात्री कपड्यांच्या ढिगात
त्र्याऐंशी सापडली. छातीभर पांढरा रंग,
शेवटच्या रेषेचा, ऐरणीवर आडवा.
म्हणजे पडला तो तिथेच. बॉलसकट.

हा डाग कशानं जातो मला पाठ आहे.
बाकीच्या सगळ्या मशिनात टाकल्या.
आज रविवार.
मंगळवार परवा.