एक मिनिट अठ्ठेचाळीस

आमच्याकडे गाणं सात दिवसांचं असतं.
शुक्रवारी पहाटे साडेपाचला उघडतं,
लंडनच्या घड्याळात तेव्हा मध्यरात्र,
इकडे पाथर्डी फाट्यावर दुधाचे क्रेट उतरत असतात
आणि मी पायाखाली उशी घेऊन, दोन स्क्रीनसमोर,
एक बटण दाबते.
एवढंच काम, असं आईला वाटतं.

बटणाआधीचे तीन आठवडे तिला कसे सांगू?
कुठल्या ठोक्याला कुठला ठिपका खाली यायचा,
निळा डाव्या अंगठ्याचा, केशरी उजव्याचा,
सोप्या पातळीवर किती ठोके गाळायचे.
गाळूनही गाणं उरलं पाहिजे,
मेथी निवडताना देठं जातात, भाजी राहते, तसं.

या खेपेला ढोल होता.
म्हसरूळचे दगूनाना आव्हाड.
अंबडला तीस वर्षं प्रेस मशीनवर,
डाव्या हाताची करंगळी अर्धी.
स्टुडिओत म्हणाले, कानातली ही टकटक काढा,
मला काय घड्याळाबरोबर वाजवायचंय का?
शर्विलने काचेपलीकडून माझ्याकडे पाहिलं.
काढ, म्हटलं.
नानांनी टिपरू उचललं.

एक मिनिट अठ्ठेचाळीसाव्या सेकंदाला
त्यांनी कमरेचा पट्टा वर ओढला.
ऐकू येत नाही ते.
आलेखावर फक्त पुढचा ठोका
नव्वद मिलिसेकंद उशिरा.
पापणी लवायलाही याहून जास्त लागतं,
पण आमच्या खेळात तेवढ्यात माणूस हरतो.

सरकवू का जागेवर? शर्विल म्हणाला.
सरकवला. ऐकला.
बरोबर होता.
इतका बरोबर, की अंबडची दुसरी पाळी सुरू झाल्यासारखा.
मी ठोका होता तिथे परत नेला
आणि ठिपक्याला त्याच्या मागे जायला सांगितलं.

शुक्रवारी नऊपर्यंत तीनशे बारा तक्रारी.
गाणं बिघडलंय. खेळ अडकतोय. माझी सलग एकशे चौदाची माळ तुटली.
मालेगावहून एक: ताई, पैसे परत करा.
बंगळुरूहून साहेब: दुरुस्ती किती वाजता?
मी सगळ्यांना तेच लिहिलं,
साहेबांनाही:
चूक नाही. इथे वाजवणारा पट्टा सावरतो. जरा थांबा.

साहेबांनी नुसता अंगठा पाठवला.
वर की खाली, ते चष्म्याशिवाय दिसलं नाही.

शनिवारच्या आलेखात त्या जागी खड्डा,
द्वारका चौकातल्यासारखा, जो तो त्यात आदळतोय.
रविवारी थोडा भरला.
मंगळवारी रात्री तीनला पाहिलं तर
सपाट.
कुठल्या कुठल्या देशांत
एक्केचाळीस हजार अंगठे
काचेवर, उचललेले, क्षणभर थांबून,
म्हसरूळच्या एका माणसाचा पट्टा
नीट बसेपर्यंत.

हे सांगायला गुरुवारी नानांकडे गेले.
फोन हातात दिला. सोपी पातळी.
विसाव्या सेकंदाला हरले.
कोण वाजवतंय हे, म्हणाले, फार घाईचा गडी दिसतोय.
मग चहा झाला, शेव झाली,
नातवाच्या पायाला लागलेलं दाखवून झालं.
उद्या बंद होणार म्हणता,
मग जातं कुठे गाणं?
कुठे नाही नाना, काढून ठेवतो.
त्यांनी भिंतीकडे बोट केलं.
खुंटीवर ढोल. दोऱ्या ढिल्या.
सैल करून ठेवा, म्हणाले.
ताणून टांगलं की पान फुटतं.

आमच्या सर्व्हरवर सैल करायचं बटण नाही.
हे त्यांना सांगितलं नाही.

शुक्रवार. क्रेटांचा आवाज.
नवं गाणं कोरियाचं, सगळे ठोके जागच्या जागी.
पाच एकोणतीस.
साडेपाच.
मी पायाखालची उशी सारखी केली
आणि मग दाबलं.