चौथा नियम

खडकीच्या फॅक्टरीचा भोंगा झाला
आणि सुभेदार ननावरे वर्गात आले,
काखेत कवायतीची रायफल,
नळीला आरपार भोक पाडलेली, मेलेली.
तरी सातवी ब चे सगळे उभे राहिले,
मी आल्यावर राहतात त्याहून ताठ.

मी मागच्या बाकावर, हजेरीपट घेऊन.
वरून पत्रक आलंय : वर्गशिक्षकाने उपस्थित राहावे.
मराठीच्या बाईचं तिथं काय काम,
असं मी ऑफिसात म्हटलंही होतं.

"रिकामी आहे, असं कधी म्हणायचं नाही,"
सुभेदार म्हणाले. "रिकामीच जास्त माणसं मारते."
मग फळ्यावर, जाड अक्षरात :
थांब.
हात लाऊ नको.
मागे हो.
मोठ्या माणसाला सांग.

मी मनातल्या मनात 'लावू' केलं.
आज्ञार्थ, एकवचन.
याहून बरं उदाहरण मी तरी कुठं देते.

मेहजबीननं विचारलं, वजन किती असतं?
किसननं विचारलं, टिकल्यांचं पिस्तूल पण मोजायचं का सर,
आणि हशा झाला, सुभेदारही हसले.
हशा ओसरत होता तेव्हा प्रणित ओव्हाळ,
जो कधीच हात वर करत नाही,
बसल्या जागेवरून म्हणाला,
"आणि मोठ्या माणसाचंच असलं तर?
पिठाच्या डब्यात?"

आमच्या पंख्याचं एक पातं वाकडं आहे.
टक टक वाजतं. वर्षभर वाजतंय.

तीस वर्षं नोकरी केलेल्या माणसानं
रायफल टेबलावर आडवी ठेवली, नळी भिंतीकडे.
खडू घेतला. तुटला. दुसरा घेतला.
चौथ्या नियमाखाली
स्वतःचा मोबाईल नंबर लिहिला
आणि तास संपायच्या आधीच निघून गेले.

दुसऱ्या दिवशी पहिला तास माझा.
फळा कुणी पुसला नव्हता. मीही पुसला नाही,
उरलेल्या कोपऱ्यात क्रियापदं दाटीवाटीनं बसवली.
वह्या मागितल्या तेव्हा
पुढं आलेल्या हातांवर, मनगटाच्या आतल्या बाजूला,
निळ्या पेनानं दहा आकडे.
प्रणितच्या असणार, हे मी धरून चालले होते.
मेहजबीनच्याही होते.
टिकल्यांचं विचारणाऱ्या किसनच्याही.

मी हजेरी घेतली, आवाज न बदलता.
'लाऊ' तसंच राहू दिलं.