पाऊण आटा

सदरच्या गल्लीत, पंखे दुरुस्तीच्या दुकानावरून
लोखंडी जिना वर गेला की लांजेवारचं दुकान.
काचेच्या कपाटात तीन ट्रान्समीटर.
एकाच्या किमतीत माझी ॲक्टिव्हा येते,
दुसऱ्याच्या किमतीत ॲक्टिव्हा आणि तिचा जन्मभराचा विमा.

"अठरा चॅनल, रंगीत स्क्रीन, अन् बोलते पण, मॅडम."
बोलणारा नको.
बोलणारे आयटीआयत टर्नर ट्रेडला
माझ्यापुढे रोज वीस बसतात.

मी काडी हलवून पाहते.
अंगठ्याखाली स्प्रिंग किती ओढते,
मधोमध येऊन थांबते
की थांबता थांबता एकदा शहारते.
लेथच्या हँडलमधली ढील ज्या बोटांना कळते
त्यांना हे वेगळं शिकवावं लागत नाही.
मला गोन्नाडे सरांनी शिकवलं,
आधी लेथवर, मग विमानावर.

मग एकेक सेट घेऊन खाली रस्त्यावर.
एप्रिल संपत आलेला, दुपारचे दोन.
मागून लांजेवार: "अहो, काच तापते!"
तापू दे. आम्ही काय काश्मिरात उडवणार आहोत?
पहिल्याची स्क्रीन म्हणजे काळा आरसा,
त्यात दुपट्टा गुंडाळलेली मीच.
दुसऱ्याचे आकडे दिसतात, डोळे किलकिले केले तर.
तिसरा जुन्या धाटणीचा, करड्या पडद्याचा,
उन्हात आणखीच उजळतो.
"हा नागपूरसाठीच बनवला दिसते," लांजेवार म्हणतो
आणि त्याची किंमत सांगताना जरा पडतो.

"फेलसेफ काय भरू?"
म्हणजे सिग्नल तुटला तर
विमानानं स्वतःचं काय करायचं.
टर्बाइन बंद, हे ठरलेलंच.
तीन लिटर केरोसीन पोटात घेऊन
कुणाच्या तुरीत घुसायचं नाही.
पण पंख? सरळ ठेवायचे,
की थोडं कलून, गोल गोल, खाली?

मारबतीच्या दिवशी सरांचा उजवा हात गेला.
बाहेर लोक ओरडत होते, घेऊन जा गे मारबत,
आणि घास अर्ध्या वाटेत थांबला.
हाताला कुणी काही सांगून ठेवलं नव्हतं.

"ते मैदानावर बघू," मी म्हणते.
आणि जे विचारायला आले होते ते विचारते:
दोघांत वाटता येते का?
डावी काडी एकाकडे, उजवी दुसऱ्याकडे?

लांजेवार चष्मा कपाळावर चढवतो.
"ट्रेनर आहे ना. एक शिकवते, एक शिकते.
अर्धं अर्धं कोण उडवते जी?"
मग मॅन्युअल काढतो. चहा येतो, गार होतो.
रंगीतवाला देतो तर सगळं देतो,
नाहीतर काहीच नाही.
करड्याच्या दोनशे बाराव्या पानावर, तळटीपेत,
एकेक चॅनल वेगळं सोडायची सोय.

घेतला.

उमरेड रोडचं ले-आऊट. प्लॉट विकले गेलेत,
घर एकही नाही,
नंबरांचे दगड आणि सरळसोट डांबरी रस्ता.
रविवार, सकाळचे सहा.
सर प्लास्टिकच्या खुर्चीत,
मांडीवर त्यांचा जुना सेट,
त्यातून एक काळी वायर माझ्या नव्यात.
थ्रॉटल आणि रडर त्यांचं. बाकी माझं.

"फेलसेफ, सर? डावीकडे कलवू?"
जीभ अजून जड आहे, शब्द एकेक करून येतात.
"सरळ ठेव. डावीकडे. विहीर आहे."

टर्बाइन शिट्टी घालू लागतं, मागचं गवत आडवं होतं.
सरांचा डावा अंगठा काडीवर जातो.
काडी ढकलत नाही, नुसती चाचपतो,
मग माझ्याकडे न बघता:
"लय कडक. ठेवली बे.
पाऊण आटा. ढिली कर."

मी टर्बाइन बंद करते,
ओठांत स्क्रू धरून
त्यांचा सेट उलटा करते.