दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी

मालक म्हणाले, अंबादास,
उद्या कारखाना बंद, लूमवर हार तसेच राहू देत,
जपानच्या साहेबाला जरा गाव दाखव.
गावात दाखवायचं काय, रात्रभर मोजत बसलो.
बावन्न वर्षं इथं काढली,
सोलापूर बघायला म्हणून घरातून कधी निघालो नव्हतो.

हिराकावा त्याचं नाव. टॉवेलच्या मशीनी जोडायला आलेला.
बोलणं मोजकं. नखांना ग्रीसचा काळा काठ,
माझ्या नखांना असतो तसाच.
गाव त्याचं नारा.
आमच्याकडं नारा देतात, म्हटलं, तुमच्याकडं त्यात राहतात होय!
मोबाइलनं याचं काय भाषांतर केलं कोण जाणे,
तो रिक्षातल्या रिक्षात वाकून नमस्कार करता झाला.

किल्ल्याच्या तटात
कुठल्याशा देवळाचा नक्षीचा दगड आडवा बसवलाय.
त्यानं हात लावला तेव्हा मला दिसला.
शाळा बुडवून आम्ही दोघं भाऊ इथंच पडायचो की,
मी आणि राजमल्लू,
याच दगडाला पाठ लावून, शेंगा फोडत.

तळ्यातल्या देवळाच्या दाराशी
त्यानं बूट काढले, जोडीनं ठेवले, तोंड बाहेर करून,
बुटांना परतीची वाट दिसावी म्हणून जणू.
माझी एक चप्पल उपडी पडलेली.
मी हळूच पायानं सरळ केली.

दुपारी ऊन असं,
की आश्विन लागलाय हे फक्त भिंतीवरच्या कॅलेंडरला ठाऊक.
घाम पुसत तो फोनशी काही बोलला, फोन मला म्हणाला:
आपल्या येथे शरद कुठे ठेवला आहे?

मग त्यानं फोटो दाखवला.
पेटल्यासारखं लाल झाड, खाली त्याची मुलगी,
आणि एक हरीण तिच्या हातातला कागद खातंय.
या दिवसांत लोक डबे बांधून, तिकिटं काढून
नुसती पानं बघायला जातात म्हणे.
बघतात आणि परत येतात.
अम्मा असती तर सूत गुंडाळता गुंडाळता विचारलं असतं,
वाळ्ळकि पनि लेदा?
कामधंदा नाही का त्यांना?

कडक भाकरी त्यानं आधी वाजवून बघितली.
चटणीनं डोळ्यांत पाणी आलं, तरी ताट पुसून खाल्लं.
उरलेला तुकडा रुमालात बांधला.

अशोक चौकाच्या अलीकडं तो एकदम ओरडला. रिक्षा थांबली.
रस्त्याकडेला कालचा ढीग:
चेंगरलेला झेंडू, फुटक्या नारळाच्या शेंड्या,
आणि आपट्याची पानं, कडेनं तपकिरी व्हायला लागलेली.
त्यानं एक उचललं. जोडपान.
पुस्तकासारखं उघडलं, मिटलं, परत उघडलं.
याचं नाव? फोननं विचारलं.
मी म्हटलं, सोनं.

फोननं काय सांगायचं ते सांगितलं.
तो दचकला, इकडंतिकडं बघितलं,
आणि झाडूवाल्या बाईपुढं जाऊन
दोन्ही हातांनी, कमरेत वाकून,
ते पान तिला परत करू लागला.

बालामणी हसून हसून खाली बसली.
ठेवा ओ सायेब, म्हणाली,
काल सोनं होतं, आज माझ्या गाडीत जायचंय.
आणि ओंजळभर पानं त्याच्या पिशवीत ओतली.

त्यानं त्यातलं एक निवडलं, फुंकर मारली,
मला दिलं. दोन्ही हातांनी.
सोन्यासारखं राहा म्हणतात, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं,
मीही नाही सांगितलं.

पान शर्टाच्या खिशात. बोलण्यासारखं काही नाही.
साखर पेठेच्या वळणावर राजमल्लूचं घर,
लूमच्या वाटणीवरून सात दसरे गेले.
रिक्षावाल्याला म्हटलं, जरा हळू घे.
साहेबाला वाटलं, इथंही काही बघायचंय.
तो काचेतून बघावं तसा
त्या बंद दाराकडं बघत राहिला,
फार आदरानं.